मधली अमेरिका, लिंकनशायरमार्गे

माझे दोन्ही भाऊ अमेरिकेत राहतात. ते एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणून मी इंग्लंडला गेले. परत आल्यापासून हे वाक्य मी इतक्या जणांना सांगितलंय की आता मला त्यात काही विचित्र वाटेनासं झालंय.

थोरला माधव, आमचा दादा, एकाहत्तर वर्षांचा. नेब्रास्का राज्यात मक्याच्या शेतांमध्ये अडीच हजार वस्तीचं एक गाव आहे, तिथे तो एकतीस वर्षं डॉक्टर आहे. मूलबाळ नाही, वहिनी चार वर्षांपूर्वी गेली. मागच्या वर्षी त्याच्या हृदयात दोन स्टेंट घातले, आणि त्यानंतर पाच महिन्यांनी गावातलं हॉस्पिटलच बंद झालं. आता जवळचं हॉस्पिटल दीड तासावर. धाकटा श्रीकांत साठीचा, शिकागोत कॉम्प्युटरमध्ये. घर मोठं, पाहुण्यांची खोली बाराही महिने रिकामी, आणि नावाजलेलं हॉस्पिटल दहा मिनिटांवर. दादाने गाव सोडून श्रीजवळ राहायला जावं, हे कोणालाही कळेल. पण एका निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी फोनवर दोघांचं वाजलं. दादाने त्याच्या गावासारखं मत दिलं होतं, श्रीने त्याच्या शहरासारखं. त्यानंतर दोघांचं सगळं बोलणं माझ्यामार्फत.

म्हणजे बुधवारी श्रीचा फोन, रविवारी दादाचा. याचा निरोप त्याला द्यायचा, त्याचा याला, आणि दोघांच्या बोलण्यातलं तिखट मधल्यामधे काढून टाकायचं. बँकेत मी पस्तीस वर्षं काउंटरवर काढली, भांडणारी गिऱ्हाईकं सांभाळली, पण सहासष्टाव्या वर्षी हे मला झेपेना. निवृत्त झाल्यावर थोडं फिरायचं आणि दिवाळी अंकांत त्याबद्दल लिहायचं, एवढाच माझा बेत होता.

माझी मुलगी केतकी लंडनजवळ वॉटफर्डला असते. तिच्या ईराचं उष्टावण सातव्या महिन्यात करायचं ठरलं. बाळाला पहिली खीर मामाने भरवायची, आणि केतकी एकुलती एक, त्यामुळे ईराला मामाच नाही. मी लगेच म्हटलं, तुझे मामा आहेत ना, त्यांना बोलावू. दोघांना वेगवेगळे फोन केले. दुसरा येणार का, असं दोघांनीही विचारलं आणि दोघांनाही मी सांगितलं की त्याचं काही नक्की नाही. खोटं बोलले. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

वॉटफर्ड

श्री शुक्रवारी आला. शनिवारी सकाळी दार वाजलं तेव्हा पार्सल आलं असेल म्हणून तोच पायजम्यावर उघडायला गेला. दारात दादा उभा होता. हातात एक लहान बॅग, डोक्यावर बियाण्यांच्या कुठल्याशा कंपनीची टोपी. दाढी पूर्ण पांढरी झालेली. मी जिन्यावरून बघत होते. श्री म्हणाला, "ये." दादा म्हणाला, "हं." मग दादाने पायपुसण्यावर बूट इतका वेळ पुसले की शेवटी केतकीच पुढे झाली आणि त्याला आत घेऊन आली.

वॉटफर्डबद्दल लिहायचं तर लाल विटांची एकमेकांना चिकटलेली घरं, मागे हातरुमालाएवढी बाग, आणि सकाळी लंडनच्या ट्रेनकडे धावणारी माणसं. गल्लीत आणखी दोन मराठी घरं आहेत. जावई निखिल आठवड्यातून तीन दिवस ब्रॅकनेलच्या ऑफिसला जातो आणि उरलेले दिवस जिन्याखालच्या टेबलावर काम करतो. केळीची पानं आणायला त्याने आम्हाला स्लाऊला नेलं. तिथल्या दुकानात पानं, ओला नारळ, आंबेमोहोर, एवढंच काय पण वाळवणाच्या कुरडयासुद्धा मिळाल्या. श्री खूश होऊन म्हणाला की राहावं तर अशा ठिकाणी, सगळं हाताशी. दादा म्हणाला, आमच्याकडे बेसन संपलं की तीन तास गाडी चालवायची. त्याने तक्रार केली नव्हती, माहिती दिली होती. पण श्रीने तोंड फिरवलं आणि ढोबळी मिरची निवडायला लागला.

रविवारी उष्टावण झालं. मांडीवर कोणी घ्यायचं आणि भरवायचं कोणी, हा प्रश्न मी आधीच सोडवून ठेवला होता. ईरा दादाच्या मांडीवर, आणि सोन्याच्या अंगठीने खीर चाटवायला श्री. त्यासाठी दोघांना एका पाटासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागलं. ईराने पहिला घास घेतला, विचार केला आणि श्रीच्या झब्ब्यावर परत केला. दादाने खिशातून रुमाल काढून त्याचा झब्बा पुसला. मला वाटलं, झालं काम. इतकं सोपं असतं का कधी?

जेवायला बसल्यावर निखिलने पाहुण्यांशी बोलायचं म्हणून विचारलं, "मामा, सध्या अमेरिकेत वातावरण कसं आहे?"

"कुठल्या अमेरिकेत?" श्री म्हणाला.

नंतर वरणभात संपेपर्यंत फक्त ईराच काय ती बोलत होती. निखिलने मला स्वयंपाकघरात गाठून आपलं काय चुकलं ते विचारलं. मी म्हटलं, तुझं काही नाही रे, तू आपला ताक वाढ.

लिंकनशायर

केतकीने आम्हा सगळ्यांसाठी लिंकनशायरमध्ये पाच दिवसांचं एक कॉटेज घेतलं होतं. डोंगर, तळी सोडून तिथेच का, तर ऐन वेळी तेवढंच मिळालं. वॉटफर्डहून अडीच-तीन तास. शहरं मागे पडली, मग टेकड्या मागे पडल्या, आणि मग जमीन अशी सपाट झाली की नजर अडायला एखाद्या चर्चचा कळसच हवा. दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी माती, बीटाची आणि कोबीची शेतं, पाण्याचे सरळ कापलेले पाट. आपल्याकडच्या रस्त्यावर दर दोन मैलांना एक टपरी तरी भेटते. इथे अर्धा तास माणूस दिसला नाही. मला उदास वाटलं, श्री फोनला रेंज शोधत होता.

दादा मात्र शनिवारपासून पहिल्यांदा नीट बोलायला लागला. ही माती कशी आहे, हे बीट साखरेचं आहे, काढणी आता सुरू होईल, ते मशीन किती लाखांचं असतं आणि एका पावसात कसं रुतून बसतं. मध्ये एकदा त्याने निखिलला गाडी थांबवायला लावली, उतरून बांधावर गेला आणि ट्रॅक्टरवाल्याशी वीस मिनिटं बोलत उभा राहिला. आम्ही गाडीत बसून त्याची पांढरी दाढी वाऱ्यावर उडताना बघत होतो. श्री म्हणाला, "हा कुठेही गेला तरी ह्याला तेच भेटतात." कोण तेच, हे मी विचारलं नाही.

गावात एक पब होता, तिथे जेवायला गेलो. मालकीण लिंडा, साठीच्या पुढची, बोलकी. तिने आम्हाला मटार आणि बटाटा भरून भाजलेला 'पाय' दिला. मीठ म्हणून नव्हतं त्यात, पण गरम होता. बोलता बोलता तिने गावाची सगळी हकीकत सांगितली. बस आठवड्यातून दोनदा येते. डॉक्टरांचा दवाखाना होता तो मोठ्या गावातल्या दवाखान्यात मिळवला. लंडनची माणसं शनिवार-रविवारसाठी घरं घेतात, देखावा बघतात आणि जातात. युरोपातून बाहेर पडायचं की नाही ह्याचं मतदान झालं तेव्हा टीव्हीवाले तिच्या पबात आले होते. त्याच्या आधी कधी आले नव्हते आणि नंतरही नाहीत. तुम्ही असं मत दिलंच कसं, एवढंच त्यांना हवं होतं. दादा मोठ्याने हसला आणि तिला म्हणाला की मॅडम, मी तुमच्याच गावातून आलोय, फक्त समुद्राच्या पलीकडच्या. श्रीने ताटावर सुरी ठेवली आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

रात्री मी अंथरुणावर पडल्या पडल्या हिशेब केला, अजून तीन दिवस. मला खरंच कंटाळा आला होता. दोघंही मला प्रिय आहेत, पण त्या दिवशी मला दोघांपैकी एकही नको होता. मला नागपूरची माझी खाट हवी होती.

पायरी

बुधवारी पाऊस नव्हता म्हणून फिरायला निघालो. केतकी बाळाला घेऊन घरीच थांबली. इंग्लंडात शेतांतून चालायच्या वाटा असतात आणि कुंपण आलं की ते ओलांडायला लाकडी पायरी. दादा ती सवयीने चढला, उतरला. मीही कशीबशी पार झाले. श्री पांढरेशुभ्र बूट घालून आला होता. वरच्या फळीवर शेवाळ होतं. तो घसरला, उजव्या हातावर पडला आणि तसाच बसून राहिला. मनगट बघता बघता सुजलं.

पुढच्या पाच मिनिटांत मी एक वेगळा दादा पाहिला. त्याने श्रीला उठू दिलं नाही. बोटं हलव, इथे दुखतं का, इथे, असं हळू आवाजात विचारत राहिला. माझी शाल घेतली, निखिलच्या हातातलं पायवाटांचं पुस्तक घेतलं, ते मनगटाखाली धरलं आणि शालीने हात असा बांधला की श्रीचा चेहरा लगेच सैल पडला. "मोडलंय," दादा म्हणाला, "पण सरळ मोडलंय. घाबरू नकोस." सगळं बोलणं त्याने श्री लहान असताना त्याच्याशी बोलायचा त्या आवाजात केलं. श्रीनेही तो सांगेल तसं केलं.

लिंडाला फोन केला तर कळलं की जवळच्या गावातलं लहानसहान इजांचं केंद्र बुधवारी बंद असतं. मोठं हॉस्पिटल पंचावन्न मिनिटांवर. मधे ट्रॅक्टर लागला, त्याच्यामागे आणखी दहा मिनिटं. प्रत्येक खड्ड्याला श्री कळवळत होता.

"इथे माणसं राहतात कशी?" तो शेवटी वैतागून म्हणाला.

दादा पुढच्या सीटवर होता. तो वळला नाही. "अशीच," म्हणाला. "मी अशा माणसांना एकतीस वर्षं गाडीत घालून नेतोय. सगळी पोचली नाहीत."

हॉस्पिटलात आमच्या आधी बरीच माणसं होती. थांबायला लागणार होतं. भिंतीवर टीव्ही चालू, आवाज बंद. निखिल चहा आणायला गेला. दोन्ही भाऊ एका बाकावर, मधे मी. मला वाटलं, आता नाही विचारलं तर पुन्हा कधीच जमणार नाही. मी सरळ म्हटलं, दादा, तू शिकागोला जा. तुझ्या गावात आता हॉस्पिटल नाही. उद्या छातीत दुखलं तर दीड तास तू कोणाच्या गाडीत जाणार आहेस?

श्री समोर बघत म्हणाला, "खोली तयार आहे. मी कधी नाही म्हटलंय?"

"त्या दिवशी फोनवर काय म्हणालास ते आठवतं?" दादा म्हणाला.

श्रीला आठवत होतं. मलाही पाठ होतं, दोघांनीही मला दहादहा वेळा ऐकवलं होतं. तुझ्या त्या अडाणी लोकांनी देश बुडवला, आणि तूही त्यांच्यातलाच.  मग श्रीने जे सांगितलं ते मला त्याने कधी सांगितलं नव्हतं. निकालानंतरच्या आठवड्यात त्याच्या मुलीला, रियाला, शाळेच्या बसमध्ये मुलांनी "परत जा" म्हणून हैराण केलं. ती शिकागोत जन्मलेली, कुठे परत जाणार? तीन दिवस ती शाळेत गेली नाही. "आणि माझ्या सख्ख्या भावाने त्यांच्या बाजूला मत दिलं होतं. मी तुझ्या फोनची वाट बघत होतो, दादा. तुझा फोन आला नाही."

"मला माहीत नव्हतं."

"तू विचारलं नाहीस."

दादाने टोपी काढून मांडीवर ठेवली.  टीव्हीवर कोणी तरी स्वयंपाक करत होतं. मग तो बोलला, आणि एवढं सलग मी त्याला कधी बोलताना ऐकलेलं नाही. म्हणाला, "आमच्या गावात तुमच्या बाजूचा कोणी आलाच नाही. ह्यांचा माणूस आला. शाळेच्या हॉलमध्ये उभा राहिला, म्हणाला, हॉस्पिटल बंद होऊ देणार नाही. खोटं बोलत असेल हे मला कळत नव्हतं का? पण आला. माझ्या पेशंटांची नावं विचारली. मी त्याला मत दिलं आणि हॉस्पिटल बंद झालंच. मला ते कोणाला सांगायची लाज वाटते, म्हणून सांगत नाही. पण अडाणी म्हणू नकोस. तुमची वहिनी आजारी होती तेव्हा त्याच लोकांनी आठ महिने रोज डबा आणला. तुमच्यापैकी कोण आलं?"

श्री म्हणाला, वहिनी गेल्यावर मी आलो असतो, तूच नको येऊस म्हणालास. दादा म्हणाला, मी तसं म्हणालो, कारण तू येणार नाहीस हे मला ठाऊक होतं. एकतीस वर्षांत आलास का कधी?

मी मध्ये पडायला तोंड उघडलं. दादाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, त्यामुळे जास्त लागलं.

"तू पण, सुलभा. तीनदा अमेरिकेत आलीस. तिन्ही वेळा मी नऊ तास गाडी चालवून शिकागोला आलो तुला भेटायला. आणि मग दिवाळी अंकात लिहिलंस, मधल्या अमेरिकेत पाहण्यासारखं काही नाही, ती विमानातून ओलांडलेली बरी. मी तो अंक पोस्टाने मागवतो. तुझं लिहिलेलं असतं म्हणून मागवतो."

ते वाक्य माझंच होतं. लिहिताना मला ते खमंग वाटलं होतं, संपादकांनाही आवडलं होतं. दादा प्रत्येक वेळी बर्फाच्या डब्यातून मक्याची कणसं आणायचा. तिन्ही वेळा आम्ही ती खाल्ली, वा म्हटलं आणि पुन्हा संग्रहालयं बघायला निघून गेलो. तुझ्याकडे यायचंय, असं माझ्या तोंडून एकदाही निघालं नाही. इतकी वर्षं मी ह्या दोघांचं भांडण सोडवतेय म्हणून दमले होते, आणि त्या भांडणातला एक धागा माझ्याच हातात होता. मला तिथेच रडू आलं. समोरच्या बाईने न बोलता टिश्यूचा खोका पुढे सरकवला. इंग्रज माणूस त्यापलीकडे जात नाही, आणि त्या दिवशी मला ते बरं वाटलं.

तेवढ्यात श्रीचं नाव पुकारलं. त्याला डाव्या हाताने फॉर्म भरता येईना. दादा उठला, त्याच्याबरोबर आत गेला आणि तासाभराने प्लॅस्टर घालून त्याला बाहेर घेऊन आला. त्या तासात काय बोलणं झालं, मला माहीत नाही. मी कोणालाही विचारलं नाही, निरोप पोचवण्याचं काम मी त्या बाकावर सोडून दिलं होतं.

पुन्हा वॉटफर्ड

कोणी कोणाची माफी मागितली नाही. शुक्रवारी वॉटफर्डला परत येताना गाडीत राजकारणावर एकदा ठिणगी पडलीच, श्री म्हणाला की तुझं म्हणणं मला पटत नाही आणि पटणारही नाही, दादा म्हणाला, नको पटू देऊस. पण ते एकमेकांकडे बघून बोलत होते. केतकी मला पुढच्या सीटवरून आरशात बघून म्हणाली, "आई, एवढं तर नॉर्मल आहे ना?" मी म्हटलं, हो, आमच्या घरात एवढं नॉर्मलच होतं.

शनिवारी सकाळी दोघांची विमानं होती. नाश्त्याला पोहे केले होते. मी शेवटचा प्रयत्न करून पाहिला, दादा, विचार केलास का शिकागोचा. त्याने मान हलवली. हॉस्पिटल बंद झाल्यापासून तो चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत आठवड्यातून तीन दिवस पेशंट बघतो. फी जमेल तशी. तो निघाला तर तेही बंद. "मला काही झालं तर दीड तास," तो म्हणाला, "तेवढंच त्यांनाही. मग मी एकट्यानेच का जवळ जायचं?"  मी ज्यासाठी इंग्लंडपर्यंत आले होते ते झालं नाही, हे मी तिथेच, हातात कढई असताना, मान्य करून टाकलं.

श्री डाव्या हाताने पोहे खात होता, अर्धे सांडत होता. मान वर न करता त्याने विचारलं, "तुझ्याकडे यायचं तर कसं यायचं?"

दादाला आधी कळलंच नाही. "माझ्याकडे?"

"रियाला थँक्सगिव्हिंगची सुट्टी आहे. आम्ही येतो."

दादाने पाण्याचा ग्लास उचलला, प्यायला नाही, परत ठेवला. श्री मला म्हणाला, "ताई, तू लिहून घे. माझा हात असा आहे."

मी प्रवासाची वही काढली. दादा सांगायला लागला. ओमाहाला उतरायचं. तिथून पश्चिमेकडे मोठा रस्ता, तीन तास. फोनवर विश्वास ठेवू नका, तो खडीच्या रस्त्याने नेतो. धान्याची उंच कोठारं दिसली की उजवीकडे. मग रेल्वेचे रूळ. मग पाण्याची टाकी, तिच्यावर गावाचं नाव आहे. तिसरं घर, पांढरं, पुढे मेपलचं झाड. इतक्या वर्षांत हा रस्ता त्याने कोणाला सांगितला असेल असं वाटत नव्हतं, पण त्याच्याकडे तो सगळा तयार होता, वळणं, खुणा, कुठे जपून चालवायचं ते. मी पानभर लिहिलं.

"आणि पेट्रोल आधीच्या गावात भरून घ्या," तो म्हणाला. "आमच्या गावातला पंप पण बंद झालाय."

मी तेही लिहिलं. मग पान उलटलं आणि सगळं पुन्हा एकदा उतरवून काढलं, माझ्यासाठी.